रबरी कातड्यातला माणूस

गॉडझिलाच्या चाहत्यांत गप्पा रंगल्या की कुणी डरकाळीवर बोलतं, कुणी कोणता राक्षस श्रेष्ठ यावर भांडतं. मी मात्र गॉडझिलाच्या पोशाखात शिरणाऱ्या हारुओ नाकाजिमांपाशी येऊन थांबतो. १९५४ साली जपानच्या तोहो स्टुडिओत पहिल्या ‘गॉडझिला’ची विशेष दृश्यं सांभाळणाऱ्या एजी त्सुबुरायांना ‘किंग काँग’सारखी बाहुली तसूतसूने हलवत, एकेक चौकट टिपत राक्षस उभा करायचा होता. तेवढा वेळच नव्हता. मग माणसालाच पोशाखात घातलं. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा. त्यात चालणंही मुश्कील. नाकाजिमा टोकियोतल्या उएनोच्या प्राणिसंग्रहालयात हत्ती-अस्वलांची चाल न्याहाळत बसले. कॅमेरा जास्त वेगाने चालवल्यामुळे पडद्यावर त्यांची पावलं आणखी जड झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनीच्या अणुचाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली होती; नोव्हेंबरात ‘गॉडझिला’ लागला तेव्हा त्या राखेची भीती ताजी होती.

१९६६ च्या ‘अल्ट्रामॅन’ मालिकेतला जिरास हा राक्षस माझा विशेष लाडका. गॉडझिलाच्याच पोशाखाला मानेभोवती झालर लावलेली, आत पुन्हा नाकाजिमाच! अल्ट्रामॅन ती झालर उपटतो आणि ओळखीचं तोंड उघडं पडतं. तो क्षण मी कितीदाही पाहू शकतो. नाकाजिमांनी १९७२ पर्यंत १२ चित्रपटांत गॉडझिलाचं हे ओझं अंगावर वागवलं.