हार्डवेअर वॉलेट : कूटचलनाच्या गुप्त किल्लीच्या जतनाचा इतिहास (२००८ ते २०२५)

प्रस्तावना :

जमिनीत पुरलेला हंडा, वाड्यातील तिजोरी आणि बँकेतील लॉकर ही धन जपण्याच्या प्रश्नाची निरनिराळ्या काळांतील उत्तरे होत. कूटचलन, म्हणजेच व्यवहारात ज्यास क्रिप्टोकरन्सी म्हटले जाते ते चलन, उदयास आल्यानंतर हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. लॉकरची किल्ली हरवल्यास ग्राहक अर्ज करतो, शुल्क भरतो आणि बँक लॉकर उघडून देते. बिटकॉइनची किल्ली हरवल्यास अर्ज करण्यासाठी कार्यालयच अस्तित्वात नसते. या किल्लीच्या जतनासाठी जे छोटे उपकरण विकसित झाले, त्यास हार्डवेअर वॉलेट असे म्हणतात. प्रस्तुत लेखात २००८ ते २०२५ या कालखंडातील त्याच्या विकासाचा आढावा घेतला आहे. प्रत्येक सुधारणेने धोका पूर्णतः नाहीसा न करता तो यंत्राकडून माणसाकडे कसा सरकविला आणि सुरक्षित वापराचे आजचे नियम कोणत्या घटनांतून घडले, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

किल्लीचे स्वरूप :

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीतील पहिला ठोकळा तयार झाला. ही खातेवही सार्वजनिक असते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, हे कोणासही पाहता येते. परंतु ती खर्च करण्याचा अधिकार त्या पत्त्याशी जुळणारी खासगी किल्ली ज्याच्याकडे असेल त्यालाच मिळतो. ही किल्ली म्हणजे यदृच्छेने निवडलेली एक प्रचंड मोठी संख्या होय. तिच्या साहाय्याने व्यवहारावर डिजिटल सही केली जाते. यावरून हे स्पष्ट होते की, ‘वॉलेट’ या शब्दाने पैशाचे पाकीट असा जो बोध होतो तो दिशाभूल करणारा आहे. वॉलेटमध्ये नाणी नसतात, केवळ किल्ली असते. उपकरण नष्ट झाले तरी नाणी खातेवहीत राहतात. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर उपकरण कपाटात सुखरूप असूनही नाणी जातात.

आरंभीच्या पद्धती व त्यांचे अपयश :

प्रारंभी किल्ल्या वापरकर्त्याच्या संगणकातील एका साध्या फाइलमध्ये असत. बिटकॉइनला भाव येऊ लागताच या फाइलची चोरी सुरू झाली. जून २०११ मध्ये एका वापरकर्त्याने आपल्या संगणकावरून २५,००० बिटकॉइन चोरीस गेल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात खास ही फाइल पळविण्यासाठी लिहिलेला घातक प्रोग्रॅमही आढळला. सप्टेंबर २०११ मध्ये मूळ बिटकॉइन प्रोग्रॅममध्ये ही फाइल परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करण्याची सोय आली. तथापि, परवलीचा शब्द त्याच संगणकावर टंकलिखित करावा लागत असल्याने संरक्षण अपुरेच राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड प्रणालीतील यदृच्छ संख्या निर्माण करण्याची पद्धत सदोष असल्याचे उघड झाले. अंदाज करता येईल अशी संख्या ही मुळातच किल्ली नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा मार्ग किल्ली बाजारमंचाच्या स्वाधीन करण्याचा होता. टोकियो येथील माउंट गॉक्स हा त्या काळचा प्रमुख बाजारमंच फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे सापडले. तिसरा धोका स्वतःच्या हातून होणाऱ्या नाशाचा होता. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ मध्ये सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. कचराभूमी खोदण्यासाठी तिच्या मालकाने केलेला दावा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला. अशा प्रकारे स्वतःचा संगणक, परक्याची तिजोरी आणि स्वतःचा निष्काळजीपणा या तिन्ही दिशांनी संकट येऊ शकते, हे पाच वर्षांतच सिद्ध झाले.

प्राग येथील प्रयोग व शब्दसूची :

या पार्श्वभूमीवर चेक प्रजासत्ताकातील मारेक पालातिनुस व पावोल रुस्नाक यांच्या प्रयत्नांतून २०१३ मध्ये प्राग येथे सातोशीलॅब्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे ‘ट्रेझर’ हे उपकरण २०१४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडले. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ तिजोरी असा होतो. लहान पडदा आणि दोन बटणे असलेले हे उपकरण यूएसबी तारेने संगणकाला जोडले जाई. संगणक व्यवहाराचा मसुदा पाठवी. उपकरण रक्कम व पत्ता आपल्या पडद्यावर दाखवी आणि मालकाने बटण दाबल्यावर आतल्या आत सही करून केवळ सही केलेला व्यवहार परत देई. किल्ली बाहेर येतच नसे. संगणक विषाणूग्रस्त आहे असे गृहीत धरूनच ही रचना केलेली होती, हे तिचे वैशिष्ट्य होय.

उपकरण हरवल्यास काय, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रस्तावांनी दिले. पीटर वुइले यांच्या २०१२ मधील बीआयपी-३२ प्रस्तावामुळे एकाच बीजसंख्येतून असंख्य किल्ल्या ठरावीक गणिताने निर्माण करता येऊ लागल्या. पालातिनुस व रुस्नाक यांचा सहभाग असलेल्या २०१३ मधील बीआयपी-३९ प्रस्तावाने ही बीजसंख्या साध्या शब्दांत मांडली. त्यातील सूचीत २,०४८ शब्द आहेत. प्रत्येक इंग्रजी शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, आणि बारा ते चोवीस शब्दांच्या क्रमात लेखनातील चूक बहुधा पकडता यावी अशी पडताळणीही गुंफलेली आहे. त्यामुळे हेच शब्द त्याच क्रमाने नव्या उपकरणात भरले की सर्व किल्ल्या पुन्हा प्राप्त होतात. अत्याधुनिक गणितावर उभारलेल्या या व्यवस्थेचा अंतिम आधार हाताने लिहिलेला कागदाचा तुकडा ठरला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

दुसरी परंपरा व तिच्यावरील वाद :

फ्रान्समध्ये २०१४ मध्ये स्थापन झालेल्या लेजर कंपनीने वेगळी वाट धरली. तिचे २०१६ मधील ‘नॅनो एस’ हे उपकरण बँक कार्ड व पारपत्र यांत वापरल्या जाणाऱ्या सुरक्षित चिपवर आधारित होते. ट्रेझरने सर्व रचना खुली ठेवून तपासणीवर भर दिला होता, तर लेजरने चिपच्या अभेद्यतेवर भर दिला. दोन्ही मार्गांच्या मर्यादा यथावकाश दिसून आल्या. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या संस्थेच्या सुरक्षा विभागाने, ट्रेझर सुमारे पंधरा मिनिटे हातात मिळाल्यास विद्युत्दाबात फेरफार करून त्यातील बीज काढता येते, असे दाखविले. त्या कंपनीने २०२३ मधील ‘सेफ ३’ या उपकरणात सुरक्षित चिप समाविष्ट केली. उलटपक्षी लेजरने मे २०२३ मध्ये बीजाचे कूटबद्ध तुकडे तीन संस्थांकडे ठेवणारी ऐच्छिक सेवा जाहीर केली, तेव्हा बीज उपकरणाबाहेर जाऊच शकत नाही अशी समजूत असलेल्या ग्राहकांनी तीव्र विरोध केला.

धोक्याचे स्थलांतर :

उपकरण भक्कम होत गेले तसा चोरांनी मोर्चा माणसाकडे वळविला. २०१८ च्या आरंभी त्रयस्थ विक्रेत्यांनी आधीच शब्द छापलेला कागद घालून उपकरणे विकल्याचे प्रकार उघडकीस आले. ते शब्द विक्रेत्याला ठाऊक असल्याने ठेव त्याच्याच हाती जाई. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २,७२,००० जणांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक डिसेंबरमध्ये उघड झाले. उपकरणांतील किल्ल्या सुरक्षित होत्या. परंतु पुढे काही ग्राहकांच्या घरी बनावट उपकरणे टपालाने आली आणि त्यांत चोवीस शब्द भरण्याची सूचना होती. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचे खंडणीसाठी अपहरण करण्यात आले. गणित अभेद्य असले तरी किल्लीचा मालक देहधारी असतो, हे या घटनेने दाखवून दिले.

मोठ्या संस्थांच्या बाबतीत धोका सहीच्या क्षणी प्रकट झाला. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या बाजारमंचातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची मत्ता चोरीस गेली. तेथे एकापेक्षा अधिक व्यक्तींच्या सह्या आवश्यक होत्या आणि कंपनीच्या निवेदनानुसार तिचे सहीकर्ते हार्डवेअर वॉलेट वापरत होते. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असेही तिने म्हटले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या बाजारमंचातून सुमारे दीडशे कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हाही संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि हार्डवेअर वॉलेटने सही मात्र वेगळ्याच आदेशावर केली. दोन्ही प्रसंगी किल्ली चोरीस गेली नव्हती. तिच्या अधिकृत धारकांनीच, काय लिहिले आहे हे पूर्णतः न उमगता, सही केली होती.

इतिहासातून घडलेले नियम :

उपकरण सिद्ध करण्याचे व वापरण्याचे प्रचलित नियम हे वरील घटनांचेच सार होत. उपकरण थेट उत्पादकाकडून अथवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे आणि शब्द आधीच छापलेले आढळल्यास ते वापरू नये. शब्द उपकरणानेच निर्माण केलेले असावेत. ते हाताने लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते संगणकात अथवा भ्रमणध्वनीत साठवू नयेत आणि कंपनीच्या नावे कोणी विचारल्यास सांगू नयेत. मोठी ठेव करण्यापूर्वी अल्प रक्कम पाठवावी, उपकरण पुसून कागदावरील शब्दांनी ते पुन्हा उभे करावे आणि ती रक्कम दिसते याची खात्री करून घ्यावी. पिन अवश्य ठेवावा; लेजरचे उपकरण तीन वेळा पिन चुकल्यास आपोआप पुसले जाते, आणि म्हणूनच कागदाचे महत्त्व अधिक. पैसे स्वीकारताना व पाठविताना पत्ता संगणकावर नव्हे, तर उपकरणाच्या पडद्यावर वाचावा. जो आदेश वाचता येत नाही त्यावर सही करू नये. शब्दांची प्रत आग व पाणी यांपासून दूर, दोन वेगळ्या ठिकाणी असावी. शब्दांखेरीज अतिरिक्त सांकेतिक वाक्य जोडण्याची सोय उपकरण चोरीस गेल्यास उपयोगी पडते. परंतु ते वाक्य विसरल्यास शब्द असूनही ठेव मिळत नाही. आपल्याजवळील ठेवीची वाच्यता टाळावी, मात्र वारसास तिचे अस्तित्व व ती मिळविण्याची पद्धत ज्ञात असावी.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविला आणि २०२२ च्या वित्त अधिनियमाने अशा मत्तेच्या हस्तांतरणातील लाभावर ३० टक्के कर लागू केला. किल्ली स्वतःच्या हाती ठेवल्याने करदायित्व संपुष्टात येत नाही.

समारोप :

हार्डवेअर वॉलेटने संगणकातील चोराला किल्लीपासून दूर ठेवण्याचे कार्य मोठ्या प्रमाणात यशस्वीपणे पार पाडले, असे म्हणावे लागेल. परंतु बँकेत रोखपाल, पर्यवेक्षक, लेखापरीक्षक व तक्रार निवारण अधिकारी यांत विभागलेली जबाबदारी त्याने एका व्यक्तीच्या हाती एकवटली. ती व्यक्ती कागद जपते काय, पडदा वाचते काय आणि आपल्या पश्चात कुटुंबास मार्ग ठेवते काय, यावर सर्व व्यवस्था अवलंबून असते. म्हणून हार्डवेअर वॉलेट विकत घेणे ही सुरक्षिततेची केवळ पहिली पायरी होय. पुढील प्रत्येक पायरी मालकाने स्वतःच चढावयाची असते.