एकच शहर, दोन वेढे: देव वाचवतो म्हणजे काय?

आजच्या भागात यरुशलेमचे दोन वेढे. मध्ये साधारण ११५ वर्षं. पहिल्यात शहर वाचलं, दुसऱ्यात जळून खाक झालं. देव तोच, मंदिरही तेच. मग फरक कशाचा?

इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या छोट्याशा राज्यावर चालून आला. त्याने आपला पराक्रम भाजलेल्या मातीच्या स्तंभावर लिहून घेतला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तटबंदी असलेली ४६ गावं घेतली आणि राजा हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, अशी बढाई त्यात आहे. पण यरुशलेम जिंकलं, असं मात्र त्यात कुठेच नाही!

हिब्रू शास्त्र सांगतं, हिज्कीयाने मंदिरात प्रार्थना केली, यशया संदेष्ट्याने धीर दिला आणि देवदूताने एका रात्रीत शत्रूच्या छावणीतले १,८५,००० जण मारले. आता गंमत बघा. तेच शास्त्र हेही सांगतं, की हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरचं सोनं उतरवून खंडणी भरली आणि पाणी शहरात आणण्याची सोय केली. खडकातला सुमारे ५३३ मीटरचा बोगदा आजही तिथे आहे आणि बहुतेक अभ्यासक तो त्याच्याच काळातला मानतात. म्हणजे देवावर भरवसा होता, पण म्हणून कुदळ खाली ठेवली नव्हती.

खरा घोळ पुढच्या पिढ्यांनी घातला. एकदा वाचलो ना, मग मंदिर आहे तोवर आपल्याला काही होत नाही, अशी समजूत रुजली. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, एक टेस्ट पास झाली आणि लोकांनी लाइफटाइम वॉरंटी समजली.

यिर्मया संदेष्टा मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला, परक्यांना, अनाथांना, विधवांना छळता आणि वर इथे येऊन आम्ही सुरक्षित म्हणता? शिलोहचं काय झालं ते जाऊन बघा. तिथेही देवाचं स्थान होतं. लोक त्याच्या जिवावर उठले.

मग बाबेलच्या नबुखद्नेस्सरचा वेढा पडला. राजा सिद्कीयाने यिर्मयाकडे माणसं धाडून विचारलं, देव पूर्वीसारखा चमत्कार करेल का? उत्तर आलं, नाही. शरण जाल तर जीव वाचेल. राजाने ऐकलं नाही. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास शहर पडलं, मंदिर जाळलं गेलं.

साधारण याच काळातल्या दोन चांदीच्या बारीक गुंडाळ्या १९७९ मध्ये यरुशलेमजवळच्या एका थडग्यात सापडल्या. अगदी आपल्याकडच्या ताइतासारख्या. त्यांवर कोरलंय, देव तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. हाच आशीर्वाद शास्त्रातही आहे.

ताइतावरचं ते वाक्य मागणं आहे, हमी नाही. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती शास्त्र जपणाऱ्यांची हिंमत. सुटकेची गोष्ट ठेवून यिर्मयाला गाळता आलं असतं. त्यांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या. म्हणून देव आमच्या बाजूने आहे असं कुणी छातीठोक सांगितलं, की यिर्मयाचा प्रश्न विचारायचा: तुम्ही दुबळ्यांशी कसे वागताय?

भेटू पुढच्या भागात!