परसातला तलाव



पोहायला शिकायचे म्हणजे पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, विहिरीच्या काठावर उभे राहायचे आणि मागून कोणा वडीलधाऱ्याचा हात लागण्याची वाट पाहायची, ही आपल्या मागच्या कित्येक पिढ्यांची रीत होती. विहीर शेतासाठी खणलेली असे. पोहणे हा तिचा वरकड लाभ. केवळ पोहण्यासाठी, आणि तेही एकट्या कुटुंबाने, हजारो घागरी पाणी बारा महिने परसात साठवून ठेवायचे, ही कल्पना त्या लोकांना वेडगळपणाचीच वाटली असती. ती जन्मली अमेरिकेत, त्यातही मुख्यतः कॅलिफोर्नियात, आणि तिला बाळसे चढले दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथल्या सामान्य गृहस्थाने आपला पहिला तलाव कसा बांधला आणि मुळात तो बांधावासा त्याला का वाटला, या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करणार आहोत. पहिल्याचे उत्तर गवंडीकामात आहे. दुसऱ्याचे मात्र तेवढ्याने मिळत नाही.

पाणी धरून ठेवणे हे दिसते तितके सोपे काम नाही. ३२ फूट लांब, १६ फूट रुंद आणि सरासरी ५ फूट खोल असा एक साधा हौद घ्या. त्यात सुमारे १९ हजार गॅलन पाणी मावते आणि त्याचे वजन ७० टनांहून अधिक भरते. हे ओझे भिंतींना बाहेर रेटते, तळाला खाली दाबते, आणि जिथे केसाएवढी भेग सापडेल तिथून वाट काढते. मोहेंजोदडोच्या स्थापत्यकारांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. १९२५-२६ च्या उत्खननात सापडलेले तेथील महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आतबाहेर खोल आहे. त्याच्या घट्ट बसवलेल्या विटा जिप्समच्या चुन्यात सांधलेल्या असून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांची चिंता आणि आजच्या कंत्राटदाराची चिंता एकच, पाणी जिथे घातले तिथेच राहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत असा खाजगी हौद बांधणे ही केवळ कुबेरांची चैन होती. तिचा कळस पाहायचा असेल तर वृत्तपत्रांचे सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या सान सिमिऑन येथील टेकडीवरच्या वाड्याकडे जावे. या वाड्याचे काम १९१९ साली ज्युलिया मॉर्गन या स्थपतीकडे आले. पॅरिसच्या विख्यात कलाशाळेतून स्थापत्याची पदवी घेणारी ही पहिली स्त्री. प्रबलित काँक्रीटवर तिचा हात इतका बसलेला की तिने ओकलंडच्या मिल्स कॉलेजात बांधलेला घंटामनोरा १९०६ च्या भूकंपातही उभा राहिला. परंतु यजमान असा की त्याचे मन कशावरच ठरेना! वाड्यासमोरचा ‘नेपच्यून’ तलाव १९२४ पासून १९३६ पर्यंत तीनदा बांधावा लागला. प्रत्येक वेळी हर्स्टना तो अधिक मोठा हवासा वाटे, आणि बाई शांतपणे नवा आराखडा काढून बसत. अखेरचे रूप १०४ फूट लांबीचे, ३,४५,००० गॅलन पाण्याचे. आपण आताच हिशेब केलेले अठरा हौद त्यात रिते करावेत! परसात तलाव बांधू पाहणाऱ्या प्रत्येक घरधन्यामध्ये एक छोटा हर्स्ट दडलेला असतो, असे मला नेहमी वाटते. फरक एवढाच, की त्याला तिसऱ्यांदा फोडून बांधणे परवडत नाही.

मग ही कुबेराची चैन कारकून आणि दुकानदार यांच्या परसापर्यंत पोहोचली कशी? याचे बरेचसे श्रेय ज्याला द्यावे लागते तो मनुष्य गवंडी नव्हता, इंजिनियरही नव्हता. तो मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरणाऱ्या जुन्या कारागिरीला शिल्पकलेचे रूप देणारा संग्रहालयातील कलावंत होता. त्याचे नाव कार्ल एकली. शिकागोचे फील्ड संग्रहालय त्या वेळी १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या इमारतीत होते, आणि तिच्या बाहेरच्या गिलाव्याचे पोपडे सुटू लागले होते. एवढ्या मोठ्या भिंतींवर थापीने गिलावा करणे खर्चाचे काम. १९०७ च्या सुमारास एकलीने त्यावर तोड काढली. सिमेंट आणि वाळू कोरडीच मिसळून दाबलेल्या हवेच्या जोराने नळीतून पाठवायची, नळीच्या तोंडाशी पाणी मिळवायचे, आणि तो मारा थेट भिंतीवर करायचा. हा माल इतक्या वेगाने आपटतो की आपल्याच जोराने घट्ट बसतो. १९११ साली या ‘सिमेंटच्या बंदुकी’चे पेटंट झाले, पुढे ॲलनटाउन येथील कंपनीने हे हक्क घेतले व त्या मालाला ‘गनाइट’ हे नाव दिले. एकली पुढे आफ्रिकेत गोरिलांच्या शोधात गेला आणि १९२६ साली तिथेच वारला.

पोहण्याच्या तलावाशी या शोधाचा संबंध लक्षात यायला आणखी काही वर्षे लागली. काँक्रीटची भिंत ओतायची म्हणजे दोन्ही बाजूंनी फळ्यांचा साचा उभा करावा लागतो, आणि लाकडी फळ्या सरळ असतात. म्हणून जुने हौद चौकोनी. नव्या पद्धतीत साचा म्हणजे खणलेली जमीनच. खड्डा हव्या त्या आकाराचा खणावा, त्यात सळयांची जाळी वाकवून बसवावी, आणि तिच्यावर हा मारा करून तळ व भिंती मिळून एकसंध कवच तयार करावे. सांधाच नाही, मग झिरपायची मोठी वाटही नाही. पुढे कित्येक दिवस त्यावर पाणी मारीत राहावे, मग आतून गुळगुळीत गिलावा द्यावा. तळाची आणि भिंतीची गाठ काटकोनात न पडता वाटीसारखी गोल वळत जाते, कारण ते बांधणाऱ्याला सोयीचे आणि कवचालाही बळकटी देणारे. हा वळणदारपणा श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावा. त्याचे पुढे काम पडणार आहे.

नवख्या घरधन्याला चकवणारी एक गोष्ट येथेच सांगतो. त्याला भय वाटते ते भरलेल्या हौदाचे. खरे भय असते रिकाम्याचे. जमिनीतील पाणी वर चढलेले असताना हौद उपसला, तर ते अवजड कवच खालच्या पाण्यावर नावेसारखे तरंगू लागते आणि भोवतालची फरसबंदी फोडून वर येते. म्हणून शहाणा कंत्राटदार तळाशी झडप ठेवतो. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ती आपोआप उघडते.

दुसरी अडचण पाणी कुजण्याची. पूर्वी हौद भरायचा, पाणी हिरवे पडेपर्यंत वापरायचा आणि सोडून द्यायचा, हाच परिपाठ होता. १९०८ साली जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनयुक्त चुना मिसळण्यास आरंभ झाला, आणि थोड्याच वर्षांत ही युक्ती पोहण्याच्या तलावांनी उचलली. जोडीला वाळूची गाळणी आणि विजेचा पंप आला. आता तेच पाणी फिरवून फिरवून महिनोन् महिने वापरता येऊ लागले. हे जमले नसते तर सामान्य गृहस्थ नळपट्टीच्या बोजाखालीच बुडाला असता.

राहता राहिला रूपाचा प्रश्न. त्याचे उत्तर १९४८ साली सोनोमा येथील डॉनेल कुटुंबाच्या जागेवर मिळाले. उद्यानरचनाकार टॉमस चर्च याने लॉरेन्स हॉल्प्रिन या तरुण सहकाऱ्याला हाताशी धरून तेथे जो तलाव आखला, त्याला एकही कोपरा नव्हता. तो टेकडीवर आहे, आणि खाली सान पाब्लो उपसागराच्या खारट दलदलीतून पाण्याचे प्रवाह नागमोडी वळत गेलेले दिसतात. तलावाचा काठ त्या वळणांना साद देतो. मध्यभागी ॲडलीन केंट या शिल्पकर्तीने घडवलेले बेटासारखे शिल्प आहे. पोहणाऱ्याला त्याच्या आरपार सूर मारता येतो. जुने ओक वृक्ष न तोडता लाकडी फळ्यांच्या गच्चीला भोके ठेवून बुंधे तसेच वर येऊ दिले. नवल असे की मुख्य घर नंतर झाले, बाग आणि तलाव आधी. फिनलंडमध्ये आल्वार आल्तोने १९३९ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘व्हिला मैरेआ’त असाच वळणदार हौद होता, आणि चर्च आल्तोला भेटून आलेला होता, तेव्हा कल्पना अगदीच आकाशातून पडली असे नव्हे. पण डॉनेल बागेची छायाचित्रे नियतकालिकांतून घरोघर गेली, आणि मूत्रपिंडाच्या आकाराचा निळा हौद हे कॅलिफोर्नियातील सुखी संसाराचे चित्रच होऊन बसले. ज्यांच्या परसातून ना दलदल दिसत होती ना उपसागर, त्यांनीही तेच वळण गिरवले!

येथवर मी कसे बांधले ते सांगितले. आता का बांधले? हवा उबदार, युद्धानंतर हाती पैसा, उपनगरात ऐसपैस जागा आणि हप्त्यांवर काम करून देणारे कंत्राटदार, ही उत्तरे खरीच आहेत. पण याच प्रदेशातील पासादेना शहराचा ब्रुकसाइड येथील सार्वजनिक तलाव पाहा. तो १९१४ साली सुरू झाला. काळ्या, मेक्सिकन आणि आशियाई नागरिकांना आठवड्यातून एकच दिवस तेथे प्रवेश असे. त्या दिवसाला नाव मोठे गोंडस, ‘आंतरराष्ट्रीय दिवस’. आणि तो संपला की तलाव उपसून नव्या पाण्याने भरीत. म्हणजे विटाळ! चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली अस्पृश्यांनी प्राशन केले तेव्हा महाडात ते घागरींनी ‘शुद्ध’ करण्याचा जो विधी झाला, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना पासादेनाची रीत वेगळी समजावून सांगायला नको. मुंबईच्या ब्रीच कँडी येथील तलाव तर अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा. आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे त्यात हिंदी माणसाला मोकळेपणी उतरता येत नव्हते.

अमेरिकेच्या उत्तर भागात पूर्वी सार्वजनिक तलावांवर मुख्यतः स्त्री-पुरुषांचे दिवस वेगळे असत. १९२० नंतर स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले, आणि तेव्हापासून काळ्या पुरुषाने गोऱ्या स्त्रीसमवेत पाण्यात उतरू नये म्हणून वर्णाची भिंत अधिक उंच झाली. जेफ विल्त्झी या इतिहासकाराने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. सेंट लुई शहरात २१ जून १९४९ रोजी फेअरग्राउंड पार्कचा अवाढव्य तलाव सर्वांना खुला झाला. दुपारी काही काळी मुले पोहली. सायंकाळपर्यंत हजारोंचा जमाव जमून काळ्या नागरिकांना मारहाण सुरू झाली, आणि महापौरांनी तो हुकूम तत्काळ मागे घेतला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तलाव खुला करविला. तेव्हा गोऱ्यांनी तेथे येणेच सोडले, आणि काही वर्षांत तो तलाव बंद पडला. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर १९६३ साली आपले तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच करून टाकले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की सर्वांनाच सारखे बंद केले, यात समतेचा भंग नाही.

आता गोरे पोहणारे गेले कुठे? पुष्कळसे खाजगी क्लबांत गेले, आणि ज्यांना परवडले ते आपल्या परसात. ज्या उपनगरात ते परस होते, तिथली घरे काळ्यांना विकू नयेत असे करार खरेदीखतांतच लिहिलेले असत. न्यायालयांनी असे करार अमलात आणू नयेत हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, म्हणजे डॉनेल तलाव पुरा झाला त्याच वर्षी. आपल्या परसात तलाव खणणारा प्रत्येक गृहस्थ मनात द्वेष धरून खणत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेकांना उन्हाळा आणि मुलेबाळे एवढेच दिसत असणार. तथापि ज्या काळात सार्वजनिक पाणी सर्वांचे होऊ लागले, नेमक्या त्याच काळात खाजगी पाण्याची ओढ एवढी वाढली, हा मला योगायोग वाटत नाही. त्याचा भार पडला तो, ज्यांना ना परस होते ना उघडा तलाव, त्या मुलांवर. अमेरिकेत काळ्या मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांहून आजही बरेच अधिक आहे.

परसांतल्या त्या तलावांची एक गमतीदार हकीकत उरली आहे. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात कडक अवर्षण पडले. पाणी तोडले गेले, आणि शेकडो हौद कोरडे पडले. सान्ता मोनिकाच्या बाजूची काही मुले चाके लावलेल्या फळीवर उभी राहून रस्त्यांवरून घसरत असत. त्यांच्या ध्यानात आले की या रिकाम्या हौदांच्या भिंती तळाशी लाटेसारख्या वळलेल्या आहेत. मालक बाहेर गेलेला पाहून ती कुंपणावरून उड्या टाकीत, तळाशी साचलेला गाळ बादल्यांनी उपसून काढीत, आणि पोलीस येईपर्यंत त्या वळणांवरून वरखाली घसरत राहत. २०२१ साली टोकियोत भरलेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. त्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या वाटीच्या भिंती तशाच वळलेल्या होत्या. तिच्यात पाणी भरायचे मात्र कोणाच्याही मनात नव्हते.