थोमाचे शुभवर्तमान

येशूच्या नावावरील वचनांचा प्राचीन संग्रह. नव्या करारात त्याला स्थान मिळाले नाही. पूर्ण संहिता केवळ कॉप्टिक भाषेत उरली असून अभ्यासक तिची ११४ वचने मोजतात.

शुभवर्तमान म्हणून हाती घेणाऱ्याची येथे फसगतच होते. जन्म, चमत्कार, क्रूसावरचे मरण, पुनरुत्थान यांपैकी कशाचीच कथा नाही. ‘येशू म्हणाला’ एवढ्यावर वचनामागून वचन येते. ही गुप्त वचने दिदिमस यहूदा थोमा याने लिहून ठेवली आणि ज्याला त्यांचा अर्थ उमगेल त्याला मरण नाही, असे आरंभीच सांगितले आहे. भर श्रद्धेपेक्षा उमजण्यावर आहे.

निम्म्याच्या आसपास वचने मत्तय, मार्क, लूक यांच्यात या ना त्या रूपात सापडतात. मोहरीचा दाणा आणि पेरणारा हे दाखले त्यांपैकीच. पीठ भरलेला घडा घेऊन लांबच्या वाटेने निघालेल्या बाईचा दाखला मात्र त्या तिघांत नाही. घड्याचा कान तुटतो, पीठ मागे वाटेवर सांडत जाते, तिला पत्ता नसतो; घरी घडा खाली ठेवते तो रिकामा. पित्याचे राज्य असे असते, एवढेच म्हणून संग्रह पुढे सरकतो. शेवटचे वचन आजच्या वाचकाला खटकेल : मरियेला घालवून द्या, असे पेत्र म्हणतो आणि येशू तिला पुरुष करण्याची भाषा बोलतो.

१८९७ मध्ये इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे ग्रेनफेल व हंट या संशोधकांना ग्रीक वचनांचे एक पपायरस-पान मिळाले. पुढे आणखी दोन तुकडे हाती आले. त्यांतला एक जमीनमोजणीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहिलेला आहे. ही वचने कोणत्या ग्रंथातली, हे कोडे १९४५ मध्ये नाग हम्मादीजवळ हा संग्रह असलेली चौथ्या शतकातील कॉप्टिक हस्तलिखिते सापडल्यानंतरच सुटले. ती मातीच्या रांजणात मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण तिचे तपशील सांगताना बदलत गेल्याने काही संशोधक ती जपूनच स्वीकारतात.

मूळ रचना बहुधा ग्रीक आणि सिरियातली असावी. यहूदा थोमा हे जोडनाव त्याच भागात, विशेषतः एडेसाच्या परंपरेत, रूढ होते. काळाबद्दल एकमत नाही. काहींना यात पहिल्या शतकातला थर दिसतो. बरेच जण दुसऱ्या शतकाचा मध्य मानतात आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलिटसने, तर चौथ्या शतकात युसेबियसने, अशा दोन ख्रिस्ती लेखकांनी या संग्रहाचा उल्लेख केला. युसेबियसने त्याची गणना पाखंडी ग्रंथांत केली. त्याला सरसकट नॉस्टिक (गूढज्ञानवादी) म्हणणेही घाईचे आहे, कारण त्या पंथांच्या ग्रंथांतली सृष्टिनिर्मितीची गुंतागुंतीची पुराणकथा येथे नाही.

थोमा भारतात आल्याची कथा या संग्रहात नाही. ती सांगणारा ‘थोमाची कृत्ये’ हा तिसऱ्या शतकातील ग्रंथ निराळा आहे. गोंडोफर्निस राजाशी थोमाचा जोडला जाणारा संबंधही तिथलाच.