थिजलेल्या थेम्सवरील जत्रा

इ. स. १६८४ च्या जानेवारी महिन्याच्या एकतिसाव्या तारखेस लंडन येथें छापलेला एक लहानसा कागद प्रसिद्ध आहे. त्यावर सात नांवें आहेत. पहिलें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचें. मग त्याचा भाऊ जेम्स, राणी कॅथरीन (जिच्या विवाहांत मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें तीच ही), जेम्सची पत्नी मेरी, पुतणी ॲन आणि तिचा पति जॉर्ज. सातवें नांव मात्र कोणाचेंच नव्हे. ‘हान्स इन केल्डर’, म्हणजे ‘तळघरांतला हान्स’, हा डच भाषेंतला एक थट्टेचा शब्दप्रयोग. ॲनच्या पोटांत वाढणाऱ्या बाळासाठीं तो घातलेला. खालीं मुद्रकाचें नांव व छपाईचें स्थळ : थेम्स नदीवर, बर्फावर.

तो हिवाळा साधा नव्हता. मध्य इंग्लंडच्या उष्णमानाची मांडणी १६५९ पासूनची उपलब्ध आहे. तींत १६८३-८४ इतका कडक हिवाळा दुसरा आढळत नाहीं. त्यांत जुन्या लंडन पुलाची भर. त्याच्या जाडजूड खांबांनीं प्रवाह इतका अडविला होता कीं, वरच्या बाजूस पाणी मंदावे, बर्फाचे तुकडे कमानींत अडकत, आणि थंडी टिकली म्हणजे सारें पात्र एकसंध गोठून जाई.

जॉन एव्हलिन याचें वय त्या वेळीं त्रेसष्ट होतें. वृक्ष आणि बागा यांवर ग्रंथ लिहिणारा हा गंभीर व धर्मनिष्ठ गृहस्थ. त्याच्या रोजनिशींत या जत्रेचें वर्णन आहे. नदीवर दुकानांच्या रीतसर गल्ल्या लागलेल्या. वेस्टमिन्स्टरपासून टेंपलपर्यंत भाड्याच्या घोडागाड्या बर्फावरून धांवत. स्केट्स बांधून घसरणारे, शर्यती, कठपुतळ्यांचे खेळ, बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर तमाशा, खानावळी आणि गुत्ते. एव्हलिनला मद्यदेव बॅकसच्या उत्सवाची आठवण झाली. आपल्या वाचकांस शिमग्याची होईल.

मला विशेष वाटतें तें छापखान्याचें. सहा पेन्स द्यावे आणि आपलें नांव, तारीख व ‘थेम्सवर छापलें’ एवढा मजकूर छापून घ्यावा, असें वेड साऱ्या शहरास लागलें. मुद्रकाची कमाई दिवसास पांच पौंड असावी असा अंदाज एव्हलिननें नोंदला आहे. म्हणजे हिशेबानें रोजचीं दोनशें नांवें झालीं! घसरगुंडीवरून उतरलेलें पोर पुन्हां वर धांवतें. आपण घसरलों याचा दाखला तें कोणाजवळ मागत नाहीं. मोठ्यांना दाखला लागतो. आमच्या कॉलेजच्या संमेलनांत एके वर्षीं प्राध्यापकांची रस्सीखेच झाली. आम्ही चिखलांत पडलों, पोट धरधरून हंसलों; आणि दुसऱ्या दिवशीं प्रत्येकाचा पहिला प्रश्न, फोटो केव्हां मिळणार? या मागणींत केवळ हौस आहे असें मला वाटत नाहीं. पोराला उद्यांही खेळावयाचें असतें. ज्याला तशी खात्री नसते तोच तारीख घालून ठेवतो.

दाखला न मागणारा एक प्रौढ मात्र याच राजघराण्यांत होता. १६६२ च्या डिसेंबरच्या पंधराव्या तारखेस सॅम्युएल पीप्स हा आरमारखात्याचा अधिकारी जेम्सबरोबर सेंट जेम्स बागेंत गेला. स्केट्सचा खेळ हॉलंडकडून आलेला; पंधरवड्यापूर्वींच पीप्सनें तो जन्मांत प्रथम पाहिला होता. बर्फ फुटलेला, धोक्याचा. तरी एकोणतीस वर्षांचा हा आरमारप्रमुख त्यावर उतरलाच. पीप्सला तें रुचलें नाहीं. पण घसरतो उत्तम, हेंही त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें.

एव्हलिनच्या ज्या नोंदींत जत्रा आहे तींतच दुसरेंही चित्र आहे. वीज पडावी तशीं झाडें उभीं चिरलीं. माणसें व गुरें मेलीं. पक्षी व हरणें नाश पावलीं. जळण इतकें महागलें कीं गरिबांस जगविण्यासाठीं वर्गण्या गोळा कराव्या लागल्या. कोळशाचा धूर वर चढेना, त्यामुळें रस्त्यापलीकडचें दिसेना. एव्हलिननें या हिवाळ्यास देशावरील कडक ईश्वरी शिक्षा म्हटलें आहे. त्याच्या स्वतःच्या बागेंतलीं किती तरी दुर्मिळ रोपें जळून गेलीं. नावाड्यांची तर रोजीच गोठली. मग त्याच नदीवर नाचणारीं हीं माणसें निर्दय म्हणावयाचीं काय? कांहीं अंशीं तसें म्हणतां येईल. परंतु घरांत जळण नाहीं, धंदा बंद, आणि कालपर्यंत जेथें पाऊल टाकतां येत नव्हतें तेथें एकाएकीं वाट उघडलेली; अशा वेळीं माणूस तेथें जाऊन शेकोटीशीं उभा राहिला, हंसला, घसरून पडला, तर मी त्यास दोष देणार नाहीं. रडून नदी वितळली नसती.

शेवटची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारींत भरली आणि चार-पांच दिवसांत आटोपली. या वेळीं नावाडी हुशार झाले होते. कांठचा बर्फ फोडून त्यांनीं वर फळ्या टाकल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पैसे घेतले. मेंढा भाजतांना पहाण्यास सहा पेन्स, खाण्यास तुकड्यामागें एक शिलिंग! पुढें १८३१ मध्यें नवा पूल उघडला व जुना पाडला. नदीचे कांठ बांधले गेले, हवाही बदलली. लंडनांतील थेम्सवर त्यानंतर जत्रा भरली नाहीं.

राजघराण्याचा तो कागद छापला गेल्यावर पांच दिवसांनीं बर्फ वितळूं लागला. मे महिन्यांत ॲनला मुलगी झाली, ती मृतच. १६८५ च्या फेब्रुवारींत चार्ल्स वारला व जेम्स गादीवर आला. १६८८ च्या डिसेंबरांत, राज्य हातचें गेल्यावर, तो एका रात्रीं होडींत बसून थेम्स ओलांडून पळाला, आणि वाटेंत त्यानें राज्याची मोठी मोहोर नदींत टाकून दिली. त्या रात्रीं पाणी वाहत होतें.