मॅट्रिकनंतर पुढे काय? : गोमंतकातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, मुलाने वा मुलीने आता पुढे काय करावे? हा प्रश्न आजच्या पिढीला नवा वाटत असला तरी गोमंतकाच्या भूमीत तो शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला गेलेला आहे. फरक इतकाच की, पूर्वी त्याचे उत्तर गोव्याच्या सीमेबाहेर शोधावे लागे आणि ते शोधण्याची वेळ मॅट्रिकच्या वर्षी नव्हे, तर मूल सातआठ वर्षांचे असतानाच येऊन जाई. या प्रश्नाचा इतिहास म्हणजे एका अर्थी गोमंतकीय कुटुंबांच्या स्थलांतराचाच इतिहास होय.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात उच्च शिक्षणाची सोयच नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. १८४२ साली पणजीस वैद्यकीय शिक्षणाची शाळा स्थापन झाली. आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यक शिकविणाऱ्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. पुढे १८५४ साली सरकारी लिसेंव सुरू झाले. प्रिमेर ग्राव आणि सेगुंद ग्राव या प्राथमिक परीक्षा देऊन विद्यार्थी लिसेंवात जाई. तेथील शिक्षण पुरे केल्यावर त्याला सरकारी कचेरीतील नोकरी, शिक्षकी पेशा, औषधशास्त्र किंवा वैद्यक यांपैकी एखादी वाट धरता येई. याहून अधिक शिकावयाचे असेल तर लिस्बन किंवा कोइंब्र येथे जाणे भाग होते. कारण गोव्यात विद्यापीठ नव्हते. पणजीच्या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांपैकी अनेकांनी पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत सेवा केली. तेव्हा ही वाट पणजीत सुरू होत असली तरी पणजीत संपत नव्हती.

या वाटेचा लाभ हिंदू समाजाला दीर्घकाळ फारसा झाला नाही. हिंदू मुले देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर शेणवीमामांपाशी मराठी बाराखडी, मोडी लेखन आणि हिशेब शिकत. एवढ्या विद्येवर व्यापार, कुळागराची व्यवस्था आणि देवस्थानचे दप्तर सांभाळता येत असे. पण लिसेंवाचा दरवाजा उघडत नसे, कारण तेथील भाषा पोर्तुगीज होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि हिंदूंना नागरिक म्हणून समान हक्क मिळाले. त्यानंतर हिंदू कुटुंबांतील मुले अधिक संख्येने लिसेंवात दिसू लागली. तथापि बहुसंख्य हिंदू पालकांची दृष्टी लागली होती ती उत्तरेकडे, मुंबईकडे.

मुंबईची ओढ याहून जुनी होती. पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले आणि लहानपणीच मुंबईस आलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, हे १८४५ साली निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याची मॅट्रिक ही परीक्षा साऱ्या पश्चिम भारतात उच्च शिक्षणाचे महाद्वार ठरली. १८८७ साली बार्देशातील हडफडे येथे इंग्रजी शाळा निघाली. पुढील काळात म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा येथे इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा वाढत गेल्या. १८८८ साली मुरगावची रेल्वे कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हद्दीतील लोहमार्गाला जोडली गेली. बेळगाव, धारवाड, पुणे ही शहरे त्यामुळे जवळ आली. ज्यांना आगबोट सोयीची होती ते पणजीहून किंवा वेंगुर्ल्याहून मुंबई गाठीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजाने स्वतः पुढाकार घेतला ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था ही १९०८ सालची. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून विद्येसाठी द्यावे ही कल्पना तिच्या नावातच सामावलेली आहे. १९११ साली फोंडे येथे गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. त्यामागे दादा वैद्य यांच्यासारख्या समाजधुरीणांचे परिश्रम होते. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशनची स्थापना झाली आणि परक्या शहरात उतरणाऱ्या गोमंतकीयाला आपल्या माणसांचा आधार मिळाला. सरकारी तिजोरीतून जे मिळाले नाही ते लोकांनी वर्गणीतून उभे केले.

अशा परिस्थितीत मॅट्रिकनंतरची योजना म्हणजे काय असे? मुंबईत गिरगावच्या चाळीत कोणा मामाचे किंवा चुलत्याचे बिऱ्हाड आहे काय, हा पहिला विचार. महिन्याच्या खानावळीचा खर्च झेपेल काय, हा दुसरा. शिकता शिकता एखाद्या पेढीवर कारकुनी मिळेल काय, हा तिसरा. विद्यार्थ्याला कोणता विषय आवडतो हा विचार बहुधा शेवटी येई, किंवा येतच नसे. पुष्कळ घरांत थोरला मुलगा दुकान आणि बागायत पाहण्यासाठी मागे राही आणि धाकट्याला पुढे पाठविले जाई. मुलींच्या बाबतीत तर, तुरळक अपवाद सोडल्यास, प्रश्नच विचारला जात नसे. परगावी मुलीला ठेवायचे कोठे, या एका अडचणीपाशी तिचे शिक्षण थांबे. ज्या कष्टकरी कुटुंबांना मुंबईत ना नातलग होते ना गाठीला पैसा, त्यांच्या मुलांपुढे पहिलीच पायरी नव्हती. मग मॅट्रिकनंतरची कोठून असणार?

जो शिकावयास गेला तो बहुधा परतला नाही, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. पदवी जेथे मिळाली तेथेच नोकरी मिळाली, तेथेच संसार थाटला गेला. जत्रेला आणि चतुर्थीला गावी येणारा पाहुणा असे त्याचे रूप झाले. ऑगस्ट १९५५ मधील सत्याग्रहानंतर भारत आणि गोवा यांमधील रेल्वे व बोटींची वाहतूक बंद पडली. तेव्हा तर शिकावयास गेलेला मुलगा आणि गावातील आईवडील यांच्यामध्ये सीमाच उभी राहिली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी या प्रदेशात कला वा विज्ञान शाखेची पदवी देणारे एकही महाविद्यालय नव्हते. अवघ्या सहा महिन्यांत, जून १९६२ मध्ये, पणजीस धेंपे आणि मडगावास चौगुले महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. १९६३ साली म्हापशास सेंट झेवियर्स कॉलेज निघाले आणि जुनी वैद्यकीय शाळा गोवा मेडिकल कॉलेज म्हणून नव्याने उभी राहिली. १९६४ साली नुवें येथे मुलींसाठी कार्मेल कॉलेज सुरू झाले. १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे ते फर्मागुढीस स्थिरावले. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा पोहोचल्या. ज्यांच्या घरात पूर्वी पाटी आली नव्हती अशी मुले त्यामुळे काही वर्षांतच शालान्त परीक्षेपर्यंत येऊन ठेपली. १९७५ साली गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळ झाले आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले. जी वाट पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून किंवा समुद्र ओलांडून जात होती ती अवघ्या चोवीस वर्षांत घराच्या अंगणात आली.

या स्थित्यंतरात एक पिढी मात्र मध्येच अडकली. लिसेंवात पोर्तुगीज माध्यमातून शिकलेल्या तरुणांसमोर मुक्तीनंतर इंग्रजीतील महाविद्यालये उभी राहिली. गुणवत्ता तीच, परिश्रम तेच; पण बालपणी आईबापांनी निवडलेली भाषा ज्या जगाची होती ते जगच एका दिवसात मागे पडले. त्यांतील अनेकांनी नव्याने इंग्रजी शिकून वाट काढली. साऱ्यांना ते जमले नाही.

या इतिहासातून निघणारा बोध स्पष्ट आहे. मॅट्रिकनंतरचा मार्ग मॅट्रिकच्या वर्षी ठरत नाही. तो त्यापूर्वीच, घरात आणि शाळेत, नकळत ठरून गेलेला असतो. पूर्वी तो भाषेने ठरे, नातलगांच्या बिऱ्हाडाने ठरे, मुलगा की मुलगी यावरून ठरे. आता फर्मागुढीच्या पठारावर राष्ट्रीय पातळीवरील तंत्रशिक्षण संस्था आल्या : २०१० साली एन.आय.टी. आणि २०१६ साली आय.आय.टी. यांचे वर्ग तेथे सुरू झाले. तरीसुद्धा अकरावीला घेतलेले विषय पुढची दारे उघडतात वा बंद करतात, ही माहिती ज्या घरात वेळेवर पोहोचत नाही त्या घरातील मुलाला ते पठार जुन्या मुंबईइतकेच दूर असते.

देवस्थानांच्या उत्सवप्रसंगी शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार करण्याची प्रथा स्तुत्य आहे. परंतु सत्कार होतो तो पोहोचलेल्यांचा. मुष्टिफंडाच्या काळातील मंडळींनी मूठभर धान्य काढले ते वाटेतच थांबण्याचा संभव असलेल्यांसाठी. आठवी-नववीतील मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना त्याच अग्रशाळेत बोलावून, पुढच्या वाटा कोणत्या आणि त्यांसाठी आज काय करावे लागेल, हे जाणत्यांनी समजावून सांगावे, एवढे झाले तरी पूर्वसूरींचे ऋण काही अंशी फिटेल. जेथे एकेकाळी शेणवीमामांनी बाराखडी गिरविली त्या जागेला हे काम शोभणारेच आहे.