मूर्तिजापूरचे जंक्शन

नावा चालतील असे कालवे वऱ्हाडाला लाभले नाहीत. येथील कापूस बैलगाड्यांनीच बाजार गाठीत असे. मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला. पुढे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरहून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे काढले. एक यवतमाळला, ११३ किलोमीटरचा. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले.

रुळांची रुंदी निराळी, म्हणून लहान डब्यांतील कापूस मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या डब्यांत चढवावा लागे. तेथून तो मुंबईस, आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात ज्या श्रमिकाच्या न्याय्य मजुरीचा कैवार घेतला, तो आम्हांला याच फलाटावर दिसतो. कंपनीचे नाव इतिहासात राहिले. पाठीवर गाठी वाहणाऱ्या हमालाचे कोठे आहे?

स्वातंत्र्यानंतरही हे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाड्या चालवी ती आमची रेल्वे, आणि मोबदला जाई कंपनीला. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ सालचे. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले.

गाडी मंद खरी, पण तिचे तिकीट एस.टी.हून कितीतरी स्वस्त. शेतमजुरांची ती हक्काची गाडी होती. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या, आणि तेव्हापासून हीच माणसे एस.टी.चे भाडे मोजून बाजार गाठीत आहेत.